नऊ सामने जिंकूनही नोकरी का जाते? नेब्रास्काच्या हेड कोचांची साठ वर्षं

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पेन स्टेट विद्यापीठानं आपल्या फुटबॉल संघाचे हेड कोच जेम्स फ्रँकलिन यांना भर हंगामात घरी पाठवलं. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचा संघ देशातल्या शेवटच्या चारांत पोचला होता. दोन आठवड्यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठानं ब्रायन केली यांना नारळ दिला. त्यांच्या उरलेल्या कराराची रक्कम पाच कोटी डॉलरच्या वर होती. त्याआधी २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमनं जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा देणं सात कोटी डॉलरच्या पुढे गेलं होतं.

अशा बातम्या आल्या की भारतातल्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: कॉलेजच्या खेळाच्या कोचला एवढे पैसे? आणि जिंकणाऱ्याला काढायचं तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी नेब्रास्का विद्यापीठाच्या संघावरून देतो, कारण हे विद्यापीठ असलेल्या लिंकन शहरात शिकायला आल्यापासून मी याच संघाचा आहे, आणि कोच बदलण्याचे सगळे प्रकार या एका संघानं करून पाहिले आहेत.

## आधी ही नोकरी समजून घेऊ

इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात धरून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांचे संघ नियमित हंगामात बारा सामने खेळतात, बहुतेक शनिवारी. ज्यांची कामगिरी बरी असते त्यांना हंगामाच्या शेवटी आणखी एक मानाचा सामना मिळतो, त्याला 'बोल' म्हणतात. त्यासाठी साधारणपणे सहा विजय लागतात.

हेड कोच म्हणजे या सगळ्याचा कर्ताधर्ता. कोणती चाल खेळायची हे मैदानाबाहेरून तोच किंवा त्याचा सहायक ठरवतो, पण ते काम त्यातल्या त्यात सोपं. खरं काम रिक्रूटिंगचं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जायचं, आईवडिलांसमोर बसायचं आणि 'तुमचा मुलगा आमच्याकडे पाठवा' असं पटवायचं. विद्यार्थी चार-पाच वर्षांत बाहेर पडतात, त्यामुळे संघ दर वर्षी नव्यानं भरावा लागतो. कोचच्या डोक्यावर ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा प्रमुख. कोच नेमायचा आणि काढायचा अधिकार त्याचा. ही व्यक्ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मुदतीआधी काढल्यास उरलेल्या कराराची जी रक्कम द्यावी लागते ती बायआउट. मोठ्या विद्यापीठांत हा पैसा तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि देणगीदार यांच्याकडून येतो.

आता नेब्रास्का. मका, सोयाबीन आणि गुरांचं राज्य. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये सामन्याच्या दिवशी ऐंशी हजारांहून जास्त माणसं बसतात, आणि ओमाहा व लिंकन सोडली तर राज्यातलं कुठलंही शहर एवढं मोठं नाही. १९६२ च्या नोव्हेंबरपासून इथला प्रत्येक घरचा सामना 'सोल्ड आउट' म्हणून नोंदला गेलाय. सगळे लाल कपड्यांत, हातात रुन्झा, म्हणजे गोमांसाचा खिमा आणि कोबी भरून भाजलेला पाव. शाकाहारी मराठी विद्यार्थी नाचोजवर भागवतात. आणि सामना संपल्यावर पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवायची इथे जुनी रीत आहे. आपण हरलो असलो तरी वाजवतात. मला या राज्याचा जीव लागला तो तिथे.

## एकाच घराण्याची बेचाळीस वर्षं

१९६२ मध्ये बॉब डेव्हॅनी वायोमिंगहून आले. त्याआधीच्या पाच हंगामांत संघानं पंधरा सामने जिंकले होते आणि चौतीस गमावले होते. डेव्हॅनींनी पहिल्याच वर्षी नऊ जिंकले, आणि १९७० व ७१ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं आणली.

मधली गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १९६७ आणि ६८ या दोन्ही वर्षी त्यांचा संघ सहा जिंकून चार हरला. लोक कुरकुरायला लागले. डेव्हॅनींनी काय केलं? आक्रमणाची सगळी मांडणी बदलायचं काम टॉम ऑसबोर्न नावाच्या तरुण सहायकाकडे सोपवलं. दोन वर्षांत विजेतेपद आलं. हे जमलं, कारण तोवर ॲथलेटिक डायरेक्टरची खुर्चीही डेव्हॅनींकडेच होती. त्यांना काढायचं तर त्यांनी स्वतःलाच काढायला हवं होतं.

१९७३ पासून ऑसबोर्न हेड कोच झाले आणि पंचवीस वर्षं राहिले. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. १९९४, ९५ आणि ९७ अशी तीन विजेतेपदं, त्यातलं शेवटचं मिशिगनसोबत वाटून, कारण तेव्हा विजेता मतदानानं ठरायचा. १९९८ मध्ये त्यांनी फ्रँक सोलिच यांच्या हाती सूत्रं दिली. सोलिच डेव्हॅनींच्या संघात फुलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन मधून घुसणारे खेळाडू होते आणि ऑसबोर्नच्या हाताखाली एकोणीस वर्षं कोच. १९६२ ते २००३, बेचाळीस हंगाम, तीन कोच, एकच परंपरा. या काळात एकही हंगाम असा नाही की विजयांपेक्षा पराभव जास्त झाले.

ऑसबोर्नचं नाव आज इथे देवासारखं घेतात, पुढे ते अमेरिकेच्या संसदेवरही निवडून गेले. पण त्यांच्या पंचवीस वर्षांचा पहिला भाग नीट पाहा. कट्टर प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाकडून ते पहिले पाचही सामने हरले. पहिला विजय १९७८ मध्ये मिळाला, १७-१४. नव्वदीच्या आसपास त्यांनी लागोपाठ सात बोल गमावले. पहिलं विजेतेपद आलं ते बाविसाव्या हंगामात. आजच्या हिशेबानं ते कितीदा तरी घरी गेले असते.

## ३१-३०

त्यांच्यावर इथली माणसं एवढा जीव का टाकतात, हे एका चालीतून कळतं.

२ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल, मायामी. नेब्रास्का त्या हंगामात एकही सामना हरलेली नव्हती. शेवटच्या मिनिटात धावफलक ३१-२४, मायामी पुढे. नेब्रास्कानं टचडाऊन केलं, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला, सहा गुण, ३१-३०. टचडाऊननंतर दोन पर्याय असतात. सोपी किक मारून एक गुण घ्यायचा, किंवा गोलरेषेजवळून आणखी एक चाल खेळून दोन मिळवायचे. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता, बरोबरी झाली की बरोबरीच. आणि बरोबरी झाली असती तरी अपराजित नेब्रास्कालाच विजेतेपद मिळण्याची दाट शक्यता होती.

ऑसबोर्ननी किक मारली नाही. जिंकायला आलो आहोत तर जिंकायला खेळू, असा तो निर्णय होता. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू आधी हाती घेऊन चाल चालवणारा, टर्नर गिल उजवीकडे पळाला, जेफ स्मिथकडे चेंडू फेकला, मायामीच्या केनी कॅलहूनची बोटं मध्ये आली, चेंडू खाली पडला. विजेतेपद गेलं.

त्या रात्रीनंतर ऑसबोर्नना आणखी चौदा हंगाम मिळाले, आणि तिन्ही विजेतेपदं त्या चौदांत आली. हे लक्षात ठेवून पुढे चला.

## नऊ विजय, तीन पराभव आणि निरोप

सोलिच यांचा संघ २००१ च्या हंगामात राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे मायामीनं ३७-१४ असं हरवलं. पुढच्या वर्षी सात विजय, सात पराभव. सोलिचनी बरेच सहायक बदलले, बचावासाठी बो पेलिनी यांना आणलं, आणि २००३ मध्ये नियमित हंगाम ९-३ असा संपवला. म्हणजे दुरुस्ती लागू पडली होती.

त्याच महिन्यात ॲथलेटिक डायरेक्टर स्टीव्ह पीडरसन यांनी त्यांना काढलं. कारण थोडक्यात असं: ही कामगिरी नेब्रास्काच्या लौकिकाला साजेशी नाही. सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले आणि तिथल्या स्पर्धागटाच्या, म्हणजे दर वर्षी आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, इतिहासात सर्वाधिक सामने जिंकणारे कोच ठरले.

इथे ऑप्शन ही एकच चाल जवळून बघायला हवी, कारण नुकसान कसं झालं ते तिच्यात दिसतं. ऑसबोर्न-सोलिच परंपरेचा तो कणा होता. क्वार्टरबॅक चेंडू घेतो. फुलबॅक मधून मुसंडी मारतो. समोरचा बचावपटू त्याच्याकडे झुकला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडेच ठेवून बाजूनं पळतो. पुढचा बचावपटू अंगावर आला तर शेवटच्या क्षणी बाजूच्या धावपटूकडे चेंडू टाकतो. निर्णय पळता पळता, डोळ्यांनी घ्यायचा. त्याला चपळ क्वार्टरबॅक लागतो, दणकट फुलबॅक लागतो, आणि वर्षानुवर्षं एकत्र सराव केलेले लाइनमन, म्हणजे समोरच्यांना अडवून वाट मोकळी करणारे खेळाडू, लागतात. हे लाइनमन अनेकदा राज्यातल्या शेतकऱ्यांची मुलं असत, शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चानं आलेली. त्यांना वॉक-ऑन म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत अंग भरलं की ती मुलं पहिल्या संघात दिसत.

सोलिचच्या जागी आले बिल कॅलहॅन, व्यावसायिक संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलेले कोच. त्यांची पद्धत आखूड पासांची, उभं राहून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची. हातात संघ ऑप्शनचा. द्राक्षाची बाग धरलेल्या माणसाला हे लगेच कळेल: वेल मांडवावर चढवण्यात पहिली वर्षं जातात, फळ नंतर येतं, आणि मधेच नव्या मालकानं वेली उपटून डाळिंब लावलं तर खर्च दुप्पट होतो आणि हातात ना हे फळ ना ते. २००४ मध्ये पाच विजय, सहा पराभव. १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. २००७ मध्ये कॅन्सस संघानं ७६ गुण ठोकले आणि कॅलहॅन गेले.

## दर वेळी आधीच्याच्या उलटा माणूस

पीडरसनही त्याच वर्षी गेले होते आणि त्यांच्या जागी खुद्द ऑसबोर्न ॲथलेटिक डायरेक्टर झाले. त्यांनी पेलिनींना हेड कोच केलं. आक्रमणवाला गेला, बचाववाला आला. शांत गेला, तापट आला. पेलिनींनी सातही वर्षं किमान नऊ सामने जिंकले. पण मोठ्या दिवशी घात व्हायचा. २००९ मध्ये टेक्सासविरुद्ध सामना संपला असं वाटलं, मग पंचांनी घड्याळात एक सेकंद परत टाकला, टेक्सासनं किक मारून १३-१२ असा सामना घेतला. २०१२ मध्ये विस्कॉन्सिननं ७०-३१ असं लोळवलं. शिवाय चाहत्यांना शिव्या घालतानाचं त्यांचं जुनं रेकॉर्डिंग २०१३ मध्ये बाहेर आलं. २०१४ चा नियमित हंगाम ९-३ असा संपला आणि नव्या ॲथलेटिक डायरेक्टरनं, शॉन आइकहॉर्स्टनी, त्यांना काढलं.

तापट गेला म्हणून मग सौम्य माइक राइली आले. तीन वर्षं, १९ विजय, १९ पराभव. आइकहॉर्स्ट गेले, पाठोपाठ राइली गेले. बाहेरचा चालला नाही म्हणून घरचा आणला: स्कॉट फ्रॉस्ट, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, वुड रिव्हर या छोट्या गावचा मुलगा. आधीच्या वर्षी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला त्यानं अपराजित ठेवलं होतं. सात वर्षांचा साडेतीन कोटी डॉलरचा करार झाला आणि आम्हा सगळ्यांना वाटलं, आता घराणं परत आलं.

फ्रॉस्टचा हिशेब १६ विजय, ३१ पराभव. २०२१ मध्ये नऊ सामने हरले आणि नऊच्या नऊ एक अंकी फरकानं. २०२२ ची सुरुवात डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्टनी ऑनसाइड किकचा डाव टाकला, म्हणजे चेंडू मुद्दाम आखूड मारून आपणच परत उचलायचा. तो नॉर्थवेस्टर्ननं उचलला आणि सामना ३१-२८ असा फिरवला. दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून हार, आणि दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्ट गेले. आणखी तीन आठवडे थांबले असते तर दीड कोटी डॉलरचं बायआउट निम्मं झालं असतं. विद्यापीठ थांबलं नाही.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली खुर्ची. पीडरसननी कॅलहॅन आणले, ऑसबोर्ननी पेलिनी, आइकहॉर्स्टनी राइली, बिल मूस यांनी फ्रॉस्ट, ट्रेव्ह ॲल्बर्ट्सनी मॅट रूल. प्रत्येक नव्या डायरेक्टरनं स्वतःचा माणूस आणला, आणि आधीच्याचा बहुतेक वेळा काढून. माझं म्हणणं एवढंच आहे: यातला एकेक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर पटू शकतो. पण सलग पाहिले तर प्रत्येक वेळी 'आधीच्यात काय खटकलं' एवढ्यावरच माणूस निवडला गेला. आपल्याला कशा प्रकारचा संघ बांधायचाय, हे कुणी ठरवलंच नाही.

## 'पण कोच बदलल्यानंच तर अलाबामा उभा राहिला'

हा आक्षेप वजनदार आहे. बेअर ब्रायंट १९८२ मध्ये निवृत्त झाल्यावर अलाबामानंही कोचांची रांग लावली. एका नव्या कोचला तर एकही सामना खेळण्याआधी काढलं. मग २००७ मध्ये निक सेबन आले आणि त्यांनी अलाबामाला सहा विजेतेपदं मिळवून दिली. मग बदलत राहिलो तर कधीतरी आपलाही सेबन सापडेल ना?

मला हा युक्तिवाद पटत नाही. अलाबामाच्या आसपास चांगल्या खेळाडूंची शाळा-शाळांतून रेलचेल आहे, त्यामुळे चुकलेला कोच तिथे लवकर भरून निघतो. नेब्रास्काला खेळाडू दूरदूरहून आणावे लागतात आणि दर कोचबरोबर ते जुळवलेले संबंध तुटतात. आम्ही तुलना करायची तर शेजारच्या आयोवाशी. तिथेही मकाच, तिथेही मोठा व्यावसायिक संघ नाही. १९७९ पासून त्यांना दोनच हेड कोच झाले: हेडन फ्राय, आणि १९९९ पासून कर्क फेरेंट्झ. फेरेंट्झ पहिल्या वर्षी एकच सामना जिंकले होते, दुसऱ्या वर्षी तीन. चौथ्या वर्षी अकरा. आयोवाचं आक्रमण बघायला कंटाळवाणं असतं हे मी शपथेवर सांगेन, पण थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी ते आम्हाला २०२३ आणि २०२४ मध्ये लागोपाठ १३-१० असं हरवून गेले.

## 'दोष चाहत्यांचाच, अपेक्षा अवास्तव'

काही अंशी खरं आहे. २००३ मध्ये नऊ विजय कमी वाटणारे लोक होते, आणि २०१४ मध्येही होते. पण चाहते कुणाला काढत नाहीत. २०१७ ते २०२३ सलग सात तोट्याचे हंगाम झाले, तरी तिकिटं विकली जात राहिली आणि पाहुण्यांसाठीच्या टाळ्याही थांबल्या नाहीत. एवढा धीर धरणाऱ्या लोकांना उतावळं म्हणणं अन्यायाचं आहे. उतावळेपणा असलाच तर तो मोठ्या देणगीदारांच्या खोल्यांत आणि डायरेक्टरांच्या कार्यालयात आहे, जिथे नवा कोच हे काहीतरी केल्याचं सर्वांत ठळक चिन्ह मानतात.

## कोचच्या हातात नसलेल्या गोष्टी

हे मात्र कबूल केलं पाहिजे की ऑसबोर्न परत आले तरी १९९५ परत येणार नाही. जुन्या काळी मोठे संघ हवी तेवढी मुलं शिष्यवृत्तीवर ठेवत. १९७३ मध्ये संघामागे १०५ ची मर्यादा आली, पुढे ९५, आणि नव्वदीच्या दशकात ८५. उरलेली चांगली मुलं इतरत्र गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टीव्ही प्रक्षेपणावरची मध्यवर्ती संघटनेची मक्तेदारी मोडली. आधी टीव्हीवर मोजकेच संघ दिसत, नेब्रास्का त्यातला एक. नंतर हळूहळू सगळेच दिसू लागले. २०११ मध्ये नेब्रास्कानं बिग टेन हा स्पर्धागट धरला. पैसा वाढला, पण टेक्सासमधले नेहमीचे सामने सुटले आणि तिथल्या मुलांशी असलेला दुवा पातळ झाला.

२०२१ पासून दोन मोठे बदल एकदम झाले. खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, आणि एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाता येऊ लागलं. २०२५ पासून तर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देतात, वर्षाला सर्व खेळांत मिळून सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. ते देणाऱ्या संघांना फुटबॉलमध्ये एकूण खेळाडूच जास्तीत जास्त १०५. याचा फटका कुणाला? वॉक-ऑनना. ऑसबोर्नच्या सरावाला याहून कितीतरी जास्त मुलं असत. पाचव्या वर्षी चमकेल म्हणून शेतकऱ्याच्या मुलाला सांभाळायची जागाच आता यादीत उरत नाही. मला या सगळ्या बदलांत सर्वांत जास्त हळहळ याची वाटते. खेळाडूंना पैसे मिळणं न्याय्यच आहे, त्यांच्या घामावर इतरांनी पुष्कळ वर्षं कमावलं. पण ती वाट बंद झाली हेही खरं.

## मग मॅट रूल यांचं काय?

रूल २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आले, आठ वर्षांचा ७ कोटी ४० लाख डॉलरचा करार करून. त्यांची ख्याती पडकी घरं बांधण्याची. टेंपल विद्यापीठात पहिल्या वर्षी दोन विजय, तिसऱ्या वर्षी दहा. बेलर विद्यापीठात पहिल्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी अकरा. नेब्रास्कात पहिल्या वर्षी पाच, दुसऱ्या वर्षी सात आणि २०१६ नंतरचा पहिला बोल, त्यातही बॉस्टन कॉलेजवर २०-१५ असा विजय. तिसऱ्या वर्षी मात्र ती उडी दिसली नाही, २०२५ चा नियमित हंगाम ७-५ वर थांबला. त्याच ऑक्टोबरमध्ये पेन स्टेटची जागा रिकामी झाली. रूल तिथेच शिकलेले, त्यामुळे चर्चा झाली, आणि नेब्रास्कानं त्यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला.

ओमाहाच्या मराठी मंडळींत यावर दोन तट आहेत. एका बाजूचं म्हणणं, सात विजयांवर वाढीव करार कशाला. मी दुसऱ्या बाजूचा. ज्यांनी रूलना आणलं ते ॲल्बर्ट्स २०२४ मध्येच टेक्सास ए अँड एमला निघून गेले, आणि नवे डायरेक्टर ट्रॉय डॅनन यांनी आधीच्याचा कोच काढण्याऐवजी त्यालाच मुदत वाढवून दिली. गेल्या वीस वर्षांतली सवय एकदा तरी मोडली गेली. येत्या हंगामात धावफलकाआधी मी दोन गोष्टी बघणार आहे: आक्रमणाच्या लाइनमधले किती जण दोन वर्षांहून जास्त काळ एकत्र खेळलेले आहेत, आणि आयोवासमोर चौथ्या क्वार्टरमध्ये चेंडू घेऊन पळायला आम्हाला जमतं का. ही दोन्ही कामं तिसऱ्या वर्षीही अर्धवटच होती. त्यांचा शेवटचा हिशेब मात्र पाचव्या वर्षी करावा.